सी लाल, डी रिकामा

नाशिकमधल्या घरांत, दुकानांत, अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये असेम्बल केलेला जो कॉम्प्युटर भेटतो, त्याची हार्डडिस्क बहुधा एकाच रीतीने कापलेली असते. सी ड्राइव्ह १०० जीबी, उरलेल्यात डी, ई आणि हौस असेल तर एफ. ज्याने ही पार्टिशनं पाडली त्याच्या लेखी विंडोज म्हणजे वीस-पंचवीस जीबीचा कारभार होता. पुढे अपडेट साचत जातात, डेस्कटॉपवर लग्नाचे व्हिडिओ येऊन पडतात आणि सीची पट्टी लाल होते. शेजारी ४०० जीबीचा डी जवळपास रिकामाच असतो. डीतले १०० काढून सीला द्यावेत, असं कुणालाही वाटेल.

मागणी रास्त आहे, पण डिस्कची रचना तिला अनुकूल नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट सीला वाढवतं ते त्याला अगदी लागून उजवीकडे मोकळी जागा असली तरच. डी लहान केला तर मोकळी जागा डीच्या शेपटाला निघते, सी आणि डीच्या मध्ये नाही. म्हणून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं. नव्या मशीनवर सीच्या लगेच पलीकडे पाचसहाशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशनही ठाण मांडून बसलेलं असतं. एमबीआर या जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर डी, ई, एफ हे बहुधा एक्स्टेंडेड नावाच्या एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात असतात. तिथे डी आख्खा उडवला तरी मोकळी जागा त्या हिरव्या चौकटीतच अडकून राहते.

मग बाहेरचं सॉफ्टवेअर येतं. ते डी आधी ४०० चा ३०० करतं आणि मग पूर्ण डी १०० जीबी उजवीकडे सरकवतं. माउसने पट्टी ओढायला दोन सेकंद पुरतात. फिरत्या डिस्कवर ३०० जीबी खरोखर उचलून ठेवायला तीन-चार तास सहज लागतात, कारण वाचायचं त्याच डिस्कवरून आणि लिहायचंही त्याच डिस्कवर. एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी, म्हणून संथ) हार्डडिस्क असेल तर त्याहून जास्त. हे काम मे महिन्याच्या दुपारी काढलं, वळवाचा वारा सुटला आणि वीज गेली, की ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतो. कधी वीज जातही नाही. पट्टी ४३ टक्क्यांवर बराच वेळ हलत नाही म्हणून माणूसच पॉवर बटण दाबून धरतो. कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, एवढं पाहिलं तरी यातले बरेच अपघात टळतील.

यानंतर मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस नसल्याचा निरोप येतो, किंवा विंडोज येतं पण डीवर क्लिक केल्यावर 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारतं. डेटा गेला असं सगळ्यांनाच वाटतं ते इथे, आणि तो खरोखर जाण्याची सुरुवातही बहुतेक वेळा इथूनच होते. कारण प्रत्यक्षात बिघडलेला भाग फार छोटा असू शकतो. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा. एमबीआर डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूटचा कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल, शेवटचे २ बाइट खुणेचे. चार पार्टिशनांच्या चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. एक टीबीच्या डिस्कवर कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं हे त्या ६४ बाइटांत लिहिलेलं असतं. ते पुसले गेले तर विंडोजला डिस्क कोरी दिसते. फोटो आणि हिशेब जागच्या जागी असतात. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर तर या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत ठेवलेली असते. एनटीएफएस ही विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरची, प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरात ठेवते; फॅट३२ ही जुनी पद्धत सहाव्या सेक्टरात. या सगळ्या रचना करणाऱ्यांनी अपघात गृहीतच धरला होता.

त्यांनी गृहीत न धरलेली गोष्ट म्हणजे अपघातानंतरची आपली धावपळ. 'फॉरमॅट करायचं का?' याला 'कॅन्सल'. 'इनिशियलाइझ डिस्क' याला 'कॅन्सल'. बूट होताना डिस्क तपासणीचे सेकंद मोजले जाऊ लागले तर कुठलंही बटण दाबून ती थांबवायची. चेकडिस्क हे फाइल सिस्टिम सुसंगत करणारं साधन आहे, डेटा वाचवणारं नाही. टेबल चुकीचं असताना ते चाललं तर ज्या नोंदी त्याला जुळत नाहीत त्या ते कापतं आणि उरलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळं होतं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं हाही तसलाच घात. आणि सगळ्यात महागडं वाक्य दुकानाच्या काउंटरवर आपणच बोलतो: "भाऊ, विंडोज मारून द्या." नवं विंडोज मारलं की सीवर वीस जीबीहून जास्त नवा मजकूर उतरतो, आणि आपल्याकडे डेस्कटॉप हीच तिजोरी असते.

तेव्हा मशीन बंद करायचं, आणि डिस्कवर आता एकही बाइट लिहायचा नाही हे ठरवायचं.

पुढचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू होतं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर रूफस या फुकट साधनाने सिस्टिमरेस्क्यू नावाचं लिनक्स चढवा. टेस्टडिस्क, डीडीरेस्क्यू, जीडिस्क, स्मार्टसीटीएल ही पुढे लागणारी साधनं त्यात आधीच असतात आणि हे लिनक्स आतल्या डिस्कला आपणहून हात लावत नाही. बूट मेन्यू डेल आणि लेनोवोवर एफ१२ ने येतो, एचपीवर एफ९ ने. त्याआधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) हार्डडिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर गोष्ट पार्टिशनची नाहीच; साटा केबल काढून घट्ट बसवा, दुसरी लावून पाहा.

डिस्क काढून यूएसबी डॉकला लावणार असाल तर दोन गोष्टी. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ती नुसत्या यूएसबी केबलवर फिरणार नाही. आणि काही डॉक, विशेषतः एक्स्टर्नल डिस्कच्या डबीतली सर्किटं, ५१२ बाइटचा सेक्टर ४०९६ चा म्हणून दाखवतात. मग टेबलातले सगळे आकडे आठपट दूर पडतात आणि शाबूत डिस्कही रिकामी भासते. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या डिस्कवर 'दुरुस्ती' झालेली आहे. शक्यतो मदरबोर्डच्या साटा पोर्टलाच लावा.

आता डिस्कची तब्येत. स्मार्टसीटीएल किंवा विंडोजवर चालणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की वीस-पंचवीस ओळी दिसतात; पाहायच्या चार. ५ क्रमांक म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले, १९८ म्हणजे तपासणीतही न वाचले गेलेले, १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. शेवटचा आकडा मोठा असला तर डिस्कपेक्षा केबलवर संशय घ्या. पण १९७ चा आकडा एकदा पाहून भागत नाही. गोदेला पूर आला की आपण रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे यापेक्षा तासाभरापूर्वी ते कुठे होतं हे जास्त महत्त्वाचं असतं. १९७ चंही तसंच. आठ आहे आणि आठच राहतोय तर काम करता येईल. तासात आठाचे ऐंशी झाले तर पार्टिशनिंग फसलं ते डिस्क मरत असल्यामुळे, आणि प्रत्येक मिनिट हिशेबाने वापरायला हवं. टकटक आवाज येत असेल तर वीज काढा. ते काम हेड बदलणाऱ्या लॅबचं आहे, पेनड्राइव्हचं नाही.

डिस्क ठीक असो वा नसो, आधी क्लोन, म्हणजे डिस्कची सेक्टरागणिक हुबेहूब नक्कल. खर्च वाचवायला लोक हीच पायरी गाळतात. एक टीबीच्या डिस्कमध्ये बहुधा १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, आणि विंडोज ते ९३१ जीबी म्हणून दाखवतं. क्लोनसाठीची डिस्क तेवढ्याच किंवा जास्त सेक्टरांची हवी. ९६० जीबीची एसएसडी चालणार नाही. दोन टीबीची घेतली तर क्लोन इमेज फाइल म्हणून ठेवता येतो आणि काढलेला डेटा ठेवायलाही जागा उरते. फक्त ती डिस्क फॅट३२ नको, तिथे एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही.

क्लोन करणाऱ्या डीडीरेस्क्यूला तीन नावं द्यायची: मूळ डिस्क, नवी डिस्क किंवा इमेज, आणि मॅप फाइल (काय उतरलं, काय राहिलं याची नोंद). पहिल्या दोघांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून डिस्कच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. सारख्या कंपनीच्या, सारख्या आकाराच्या दोन डिस्क असतील तर दुसरा भरवसा नाही. पहिल्या फेरीत स्मॉल एन हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागांशी झगडत न बसता चांगलं तेवढं आधी उतरतं. दुसऱ्या फेरीत तीच मॅप फाइल देऊन राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल असली की मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. साटावर एक टीबीला तीन तासांच्या आसपास, यूएसबी २ वर आठ-नऊ तास. यातही वीज जाईलच; पण आता मूळ डिस्क फक्त वाचली जातेय, त्यामुळे भीती नाही.

टेस्टडिस्क हे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं फुकट साधन. दिसायला काळं, माउसशिवायचं. पण बाजारात विकत मिळणाऱ्या गुळगुळीत सॉफ्टवेअरपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा, कारण ते काय करतंय हे आकड्यांत दाखवतं. क्लोन निवडा, टेबलाचा प्रकार निवडा (जुन्या मशीनला इंटेल, यूईएफआयवाल्या, म्हणजे नव्या मशीनला ईएफआय जीपीटी), मग 'ॲनलाइझ' आणि 'क्विक सर्च'. सापडलेल्या प्रत्येक पार्टिशनवर पी दाबलं की आतल्या फाइलींची यादी येते. नावं ओळखीची दिसली, फोल्डर उघडले, तर पार्टिशन खरं.

'डीपर सर्च' केलात तर जुनी भुतंही वर येतात. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी पाडलेलं, मग मोडलेलं पार्टिशन, त्याचाही बूट सेक्टर अजून कुठेतरी पडून असतो. ही भुतं एकमेकांवर आणि खऱ्या पार्टिशनांवर चढलेली दिसतात. निवडताना सुरुवातीचा सेक्टर पाहा. व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक पार्टिशन २०४८ च्या पटीत सुरू करतं. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरावर असायचं. विंडोज १० वर पाडलेल्या डीची सुरुवात २०४८ ने भागत नसेल तर तो उमेदवार संशयास्पद. आधीचे आकार माहीत असतील तर गणितच मांडता येतं: १०० जीबी म्हणजे २०,९७,१५,२०० सेक्टर, आणि तेवढं अंतर दोन सुरुवातींमध्ये दिसलं तर शंका उरत नाही. याच कारणासाठी पार्टिशनला हात लावण्याआधी डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. अर्ध्या मिनिटाचं काम.

यादी दिसली की लगेच 'राइट' दाबायचा मोह होतो. थांबा. स्मॉल ए ने सगळं निवडा, कॅपिटल सी ने तिसऱ्या जागी कॉपी करा. फाइली हातात आल्यावर मग क्लोनवर टेबल लिहा. जीपीटी डिस्कचं सुरुवातीचंच टेबल खराब झालं असेल तर जीडिस्कच्या रिकव्हरी मेन्यूत बी आणि सी देऊन शेवटची प्रत वर आणता येते. पी ने यादी पाहून पटली तर डब्ल्यू. आणि पार्टिशन दिसतंय पण विंडोज त्याला 'रॉ', म्हणजे न ओळखलेलं, म्हणतंय, अशा वेळी टेस्टडिस्कच्या 'ॲडव्हान्स्ड'मधून बूट सेक्टरची मागची प्रत पुढे आणली की अनेकदा तेवढ्यावर भागतं.

आता खरा पेच: सरकवणं अर्ध्यात तुटलेला डी. इथे टेस्टडिस्क पार्टिशन दाखवतं, वरवरचे फोल्डरही दिसतात, पण फाइली उघडल्या की कचरा. अर्धा मजकूर जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. बहुतेक ठिकाणी इथे हात टेकतात आणि सुट्या फाइली उचलणारं फोटोरेक चालवतात. एवढी घाई नको, कारण या गोंधळाला शिस्त असते.

डी उजवीकडे सरकतो तेव्हा शेवटचा तुकडा आधी उचलावा लागतो, नाहीतर पुढचा मजकूर स्वतःच्याच मजकुरावर पडेल. समजा ३०० जीबीपैकी शेवटचे १२० जीबी नव्या जागी पोचले आणि वीज गेली. म्हणजे डीच्या सुरुवातीपासून मोजलं तर १८० च्या पुढचं सगळं नव्या जागी बरोबर आहे. जुन्या जागेचं काय? सरकण्याचं अंतर १०० जीबी असल्यामुळे नव्याने लिहिलेला भाग जुन्या मोजणीतल्या २८० पासून पुढे पडला. म्हणजे जुन्या जागी २८० पर्यंतचं सगळं अजून शाबूत. १८० ते २८० हा पट्टा दोन्ही ठिकाणी आहे! जेवढं सरकवलं तेवढाच हा दुहेरी पट्टा रुंद असतो. त्यामुळे वीज नेमकी कुठल्या सेक्टरावर गेली हे शोधण्याची गरजच नाही. पट्ट्याच्या मधोमध, २३० वर, कापलं तरी चालतं. पहिले २३० जीबी जुन्या सुरुवातीपासून घ्यायचे, उरलेले ७० जीबी जुन्या सुरुवातीपासून ३३० जीबीवरून घ्यायचे, आणि दोन्ही एकाच इमेज फाइलमध्ये एकापुढे एक जोडायचे. लिनक्सच्या 'डीडी' या कमांडने हे होतं.

पट्टा कुठे आहे हे तपासून घ्यायचं. दर जीबीमागे दोन-चार सेक्टर घ्या आणि त्यांच्या बरोबर १०० जीबी पुढच्या सेक्टरांशी ताडून पाहा. पट्ट्यात ते जुळतील, बाहेर जुळणार नाहीत. मात्र शून्यांनी भरलेले सेक्टर धरू नका. रिकामी जागा सगळीकडे सारखीच दिसते. इमेजची लांबी एनटीएफएसच्या बूट सेक्टरात ४० व्या बाइटापासूनच्या आठ बाइटांत सेक्टरांमध्ये लिहिलेली असते, तिच्याशी जुळवा. सगळं क्लोनवर चाललंय, त्यामुळे पहिली जोडणी फसली तर दुसरी करता येते. काही साधनं पुन्हा चालू केल्यावर 'राहिलेलं काम पुढे नेऊ का?' असं विचारतात. त्यांनाही क्लोनच द्या. सरकण्याचं अंतर एखाद्या एमबीचंच असेल, तर दुहेरी पट्टाही तेवढाच अरुंद, आणि मग तुटल्याची जागा शोधणं हे घाम काढणारं काम होतं.

फोटोरेक शेवटी. ते फाइलींच्या आतल्या खुणा ओळखून उचलतं. नावं, फोल्डर, तारखा सगळं जातं. लग्नाच्या फोटोंना ते चालून जातं. टॅलीला चालत नाही, कारण टॅलीतला एका कंपनीचा हिशेब १०००० सारख्या आकडी नावाच्या फोल्डरमध्ये एकमेकींवर अवलंबून असलेल्या फाइलींनी बनतो. त्या विस्कटल्या की व्यापाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

फॉरमॅट झालं असेल तर कुठलं, हे विचारा. क्विक फॉरमॅटने थोड्याच नोंदी नव्या होतात, जुन्या पुष्कळ उरतात. व्हिस्टापासूनचं पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर शोधण्यासारखं काही नसतं. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमधलं 'क्लीन' आणि 'क्लीन ऑल' यांतही हाच फरक. पेनड्राइव्ह साफ करताना डिस्क १ ऐवजी डिस्क ० निवडली गेली, हा या शहरातच काय, कुठेही रोज होणारा अपघात. एसएसडीवर क्विक फॉरमॅटही भारी पडतं: विंडोज ट्रिमची सूचना ('ही जागा आता रिकामी धर') पाठवतं आणि त्या जागा वाचल्या तर शून्यं येतात. लॅपटॉपमधल्या काही एसएमआर हार्डडिस्कही ट्रिम मानतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर पार्टिशन सापडूनही यादी दिसणार नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यातली ४८ आकडी किल्ली लागेल.

बूट होण्याचं काम सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात शेवटी. यूईएफआय मशीनवर विंडोजच्या पेनड्राइव्हने कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टमध्ये १०० एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन शोधून त्याला एखादं अक्षर द्या आणि बीसीडीबूट या कमांडला विंडोजचं फोल्डर, ते अक्षर आणि यूईएफआय हा प्रकार सांगा. तिथे सी कधीकधी डी होऊन बसलेला असतो, म्हणून फोल्डर आधी डोळ्यांनी पाहा. जुन्या एमबीआर मशीनला टेस्टडिस्कमध्ये विंडोजच्या बूट पार्टिशनवर तारा (* ही खूण) आणि बूटरेक कमांडची फिक्सएमबीआर एवढं बहुधा पुरतं. अंबडच्या एखाद्या सीएनसी मशीनला जोडलेला एक्सपीचा डबा असेल तर त्यावर नवी साधनं मुळीच चालवू नका. त्याचा क्लोन बसवा आणि मूळ डिस्क कपाटात ठेवा.

सी लाल झाला तर खरं तर पट्टी ओढायची गरज फारशी नसतेच. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सची जागा प्रॉपर्टीजमधून डीवर नेली, हायबरनेशन बंद केलं, विंडोजच्या जुन्या अपडेटचा गाळ काढला, की वीस-तीस जीबी सहज मिळतात आणि एकही पार्टिशन हलत नाही. आणि डीवर ठेवलंय म्हणून सुरक्षित, हा समज तर सोडूनच द्यावा. सी आणि डी एकाच तबकडीवर फिरतात.

दुरुस्तीला देणारच असाल तर कागदावर लिहून द्या: कुठलं सॉफ्टवेअर, काय हलवत होतो, किती टक्क्यांवर थांबलं, आधी कुठला ड्राइव्ह किती जीबीचा होता, त्यानंतर काय काय करून पाहिलं. आणि सांगा, आधी क्लोन, मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही. परत आलेल्या फाइली उघडून पाहा, नुसती यादी पाहून पैसे देऊ नका: व्हिडिओ मधूनच चालवा, झिप उघडा, टॅलीत मागच्या वर्षीची खतावणी काढा. मूळ डिस्क लगेच दुसऱ्या कामाला लावू नका. काय राहून गेलंय हे बहुतेक वेळा पुढचं जीएसटी रिटर्न भरतानाच कळतं.